रामेश्वराच्या वाटेवरचे पान

मराठी माणूस तरुणपणी घोड्यावर बसून मुलूखभर फिरला तो चाकरीसाठी. चार गावे आपल्या डोळ्यांनी पाहावीत, चार ठिकाणचे पाणी चाखावे, अशा स्वतःच्या इच्छेने तो घराबाहेर पडे तो बहुधा केस पिकल्यावर. मुलांमुलींची लग्ने उरकली, शेताच्या वाटण्या झाल्या, कोठीच्या किल्ल्या सुनेच्या कमरेला गेल्या, म्हणजे मग काशीरामेश्वराचा विषय निघे. घरच्या बाईला तर याखेरीज दुसरा प्रवासच नव्हता. माहेर आणि सासर या दोन गावांच्या पलीकडचे जग तिला दिसे ते साठीच्या आसपास, आणि तेही यात्रेच्या निमित्ताने. या प्रवासाला धर्माचे नाव होते, आणि ते खरेही होते. परंतु त्यात पाहण्याची हौस नव्हती असे म्हणणे म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसांना न ओळखणे होय.

यात्रेला निघताना निरवानिरव करून निघत. परत येणे होईलच असा भरवसा नसे. माणूस सुखरूप परतला म्हणजे मावंदे घातले जाई, गंगापूजन होई आणि गावाला जेवण मिळे. त्या जेवणात आनंदाइतकाच सुटकेचा निःश्वासही असे. काशीच्या वाटेबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बाजीराव पेशव्यांच्या मातुःश्री राधाबाई १७३५ साली काशीस गेल्या, अहिल्याबाई होळकरांनी गंगेवर, नर्मदेवर व इतरत्र घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र काशीच्या पुढे दुसरा अर्धा प्रवास उरत असे. गंगेचे पाणी रामेश्वराला घालावयाचे आणि सेतूची वाळू प्रयागाला गंगेत सोडावयाची, तेव्हा यात्रा पुरी होई. काशीहून रामेश्वराकडे निघालेली कावड एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा मराठी माणसाने लहानपणीच ऐकलेली असते. त्या कथेतील वाट मात्र फारशी कोणी पाहिलेली नसते.

ही वाट लांबची होती. सातारा-पुण्याकडून निघालेला माणूस कर्नाटक ओलांडून कावेरीकाठी उतरे, तोवर त्याची भाषा मागे पडलेली असे, भाकरी मागे पडलेली असे आणि पायही थकलेले असत. वाटेत चोरांची भीती होती, तापाची होती, नद्यांच्या पुरांची होती. पण म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी उठून पडणारा प्रश्न याहून साधा असे: आज जेवावयाचे कोठे आणि काय?

घरून निघताना शिदोरी असे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासात चालत असे, कारण तिला विटाळ मानीत नसत. सातूचे पीठ ताकात किंवा गुळाच्या पाण्यात कालवले की दात नसलेल्यालाही खाता येई. मेतकूट, लाह्यांचे पीठ, गूळ, सुंठ अशा पुरचुंड्या बांधलेल्या असत. अन्न टिकावे, लौकर तयार व्हावे आणि म्हाताऱ्या पोटाला झेपावे, या तिन्ही गोष्टींचा विचार मराठी स्वयंपाकघराने केला होता. परंतु ही शिदोरी किती दिवस पुरणार? आठ-दहा दिवसांत ती सरे, आणि वाट तर महिन्यांची. पुढे हवा असे तो मऊ शिजलेला भात, किंवा सोवळे पाळणाऱ्यासाठी कोरडा शिधा, सरपण, चूल मांडण्यापुरती स्वच्छ जागा आणि जवळ पाणी. रात्री टेकावयास ओटा असला, आणि पाय सुजलेच तर दोन दिवस अधिक राहू दिले, म्हणजे म्हाताऱ्याची यात्रा पुढे सरके. एवढी सोय ज्या वाटेवर असे ती यात्रेची वाट होई.

दक्षिणेत अशा ठिकाणाला छत्र म्हणत. आपल्याकडील अन्नछत्रातला शब्द तोच. तमिळ देशात त्याचे छत्रम् झाले आणि गावोगावच्या नावांना ते शेपटासारखे जोडले गेले. राहण्याची जागा आणि जेवण, दोन्ही तेथे एकाच छपराखाली असत. रामनाडच्या सेतुपतींनी अशी छत्रे बांधली, इतर पाळेगारांनी आणि धनिकांनीही बांधली. पण सर्वांत अधिक नाव झाले ते तंजावरच्या भोसल्यांच्या छत्रांचे.

तंजावरचे मराठी राज्य शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास स्थापिले. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला तो मुलूख भाताचे कोठार होता. त्यामुळे शेजारच्यांचे डोळे त्यावर सतत असत. अर्काटचा नवाब, मद्रासची कंपनी, म्हैसूरचा हैदर, सगळ्यांनी त्याला लुटले. १७७३ साली तर नवाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावर घेतलेच, आणि १७७६ मध्ये ते तुळजाजी राजांना परत मिळाले तेव्हा खजिना कोरडा होता. एवढ्या धामधुमीतही या घराण्याने एक काम सोडले नाही. रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटांवर राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाने छत्रे उभी राहत गेली. प्रतापसिंह राजांच्या राणी यमुनाबाई यांच्या नावाचे यमुनांबाळ छत्र नीडामंगलम् येथे झाले. प्रत्येक छत्राला गावे तोडून दिलेली असत. त्या गावांचा भात छत्राच्या कोठारात येई आणि तोच वाटसरूच्या पानावर पडे. राजाच्या खजिन्यात पैसा असो वा नसो, जमीन पिकली की चूल पेटे, अशी ही योजना होती. देणग्यांच्या बळावर चालणारी अन्नछत्रे दात्याबरोबर संपतात. ही टिकली याचे कारण या जमिनीतच आहे.

तंजावरचे शेवटून दुसरे राजे सरफोजी. तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले. गादीचा वाद झाला, चुलते अमरसिंह गादीवर बसले, आणि श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या मुलाचे पालकत्व पत्करून त्याला इंग्रजी व पाश्चात्त्य विद्या शिकविली. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादीवर बसविले, आणि दुसऱ्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्य काढून घेतले. राजांकडे तंजावरचा किल्ला व शहर राहिले, वर्षाला एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. बाकी कारभार कंपनीचा. बाविशीतल्या या राजाच्या हातात राज्य करण्यासारखे काही उरलेच नाही.

आता प्रश्न आला छत्रांच्या जमिनींचा. मुलूख कंपनीचा झाला तर त्या मुलखातील इनाम गावेही तिच्याच हिशेबात येणार. नवा अंमलदार आला की तो प्रथम इनामे तपासतो, आणि ज्या गावापासून सरकारला काही मिळत नाही त्याच्यावर त्याचा डोळा जातो. १८०१ साली सरफोजींनी तंजावरचे रेसिडेंट टॉरिन यांना एक पत्र लिहिले. फौजेबद्दल किंवा मानमरातबाबद्दल त्यांना पुष्कळ बोलता आले असते. या पत्रात ते छत्रांबद्दल बोलले. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात, दूरदूरच्या देशांत आपले नाव आहे ते या दानधर्मामुळे, आणि हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आपण समजतो, असा त्याचा आशय आहे. हे पत्र आज इंग्रजी दप्तरातून उपलब्ध आहे आणि मराठी माणसाने ते अवश्य वाचावे. राज्य गमावलेल्या माणसाने काय वाचवावयाचे ठरविले, हे त्यात दिसते.

त्या पत्रात छत्रांच्या व्यवस्थेची जी हकीकत आहे ती अशी. ब्राह्मणापासून ज्यांना त्या काळी परया म्हणत त्या जातीपर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना शिजलेला भात मिळे. ज्यांना शिजलेले अन्न चालत नसे त्यांना तांदूळ व वर लागणारे मसाले कोरडे मिळत. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि जे अजून उपाशी असतील त्यांनी यावे, असा पुकारा करीत. उरलेले अन्न मग त्यांच्या पानावर जाई.

ही घंटा ज्याने योजली त्याला म्हाताऱ्या वाटसरूची चाल माहीत होती. तरुण माणूस दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठतो. म्हातारा थांबत थांबत येतो, झाडाखाली डोळा लागतो, नदीच्या उतारापाशी नाव चुकते, आणि छत्र गाठीपर्यंत रात्र होते. तेव्हा पंगती उठलेल्या असतात आणि भांडी पालथी घातलेली असतात. अशा वेळी अन्न मागावयास संकोच वाटतो, विशेषतः घरी चार माणसांना वाढलेल्या हातांना. त्याने मागावयाची वाट न पाहता छत्रानेच हाक मारावी, हा त्या व्यवस्थेतला खरा शहाणपणा.

आजाऱ्याची सोय याहून पुढची. छत्रात वैद्य असत. सूज, विषबाधा, सर्पदंश यांवर उपचार करणारे जाणकार असत. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे अन्न देत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. वाटेत एखादी बाई बाळंत झाली तर तिची सर्व व्यवस्था छत्राच्या खर्चाने होई. आईबापांविना उरलेल्या मुलांना छत्रातल्या पंतोजींच्या हवाली करीत, त्यांना जेवू घालीत आणि शिकवीत. आणि एखादा यात्रेकरू तेथेच मरण पावला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यविधी होत. निरवानिरव करून घर सोडलेल्या माणसाला या शेवटच्या कलमाचे मोल काय वाटत असेल, हे सांगावयास नको. परमुलखात, भाषा न कळणाऱ्या लोकांत, आपल्या देहाचे काय होईल ही चिंता त्याच्या गाठोड्यात सातूच्या पिठाबरोबरच असे.

या हकीकतीतली एक बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. सर्वांना अन्न मिळे याचा अर्थ सर्व एका पंगतीत बसत असा नाही. पंक्तिभेद त्या काळी सुटला नव्हता, आणि ब्राह्मणांचा मान छत्रांतही वेगळाच असे. शिवाय राजांच्या पत्रात स्वतःच्या घराण्याची थोरवी आहे, आणि ज्याला काही मागावयाचे आहे तो उणे सांगत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि उपाशी माणसाला जात विचारून परत पाठवावयाचे नाही, हा नियम १८०१ साली कागदावर लिहून परक्या सत्तेपुढे ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच काळात पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या रमण्यात दक्षिणा वाटली जात होती. ती ब्राह्मणांपुरती होती. दोन मराठी दरबारांतला हा फरक इतिहासकारांनी अधिक ठळक करावयास हवा होता.

छत्रे राजांच्या व्यवस्थेखाली राहिली. १८०२ मध्ये सरफोजींनी आणखी एक छत्र बांधिले. ते तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे, पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सहचरी. मरणापूर्वी तिने आपल्या नावाने एक छत्र व्हावे अशी इच्छा बोलून दाखविली, आणि राजांनी ती पुरी केली, अशी तिची कथा सांगतात. पट्टराणी नसलेल्या स्त्रीने दागिना किंवा वाडा न मागता वाटसरूंचे जेवण मागावे आणि त्याच नावाने ते गाव मुक्तांबाळपुरम् म्हणून ओळखले जावे, हे घडले खरे. या छत्राच्या दर्शनी भागाला दगडी चाके आणि घोडे कोरलेले आहेत. सगळी इमारत रथासारखी दिसते. दमून बसलेल्या पांथस्थांच्या घराला चाके लावण्याची कल्पना कोणा कारागिराला सुचली असेल ती असो. ती गमतीची आहे. तेथे यात्रेकरूंच्या पंगतींबरोबर विद्यार्थ्यांच्या शाळाही चालत, आणि त्या मुलांना राहणे-जेवणे मोफत असे.

जेवणाच्या बाबतीत तंजावरची मराठी मंडळी पहिल्यापासून चोखंदळ. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेले रघुनाथ पंडित नवहस्ते यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांचे गुणदोष आणि कोणी काय खावे यांचा त्यात विचार आहे. सरफोजींच्या काळात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत तयार झाले, आणि त्याचे हस्तलिखित तेथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपले गेले. सांबाराच्या जन्माची एक कथाही तंजावरला चिकटली आहे: शाहजी राजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, आमटीत चिंच पडली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावाने तो पदार्थ सांबार झाला. कथा रुचकर आहे, म्हणून जेवताना ऐकावी. इतिहास म्हणून सांगू नये. मात्र मराठी आमटी आणि तमिळ कुळंबू यांची सोयरीक तंजावरच्या घरांत झाली यात संशय नाही. डांगराची पच्चडी तेथे अजून होते आणि तिच्यातला डांगर हा शब्द आपलाच आहे. महिनोन्‌महिने परके अन्न खाऊन आलेल्या यात्रेकरूला कावेरीकाठी ओळखीची चव आणि मराठी बोल एकदम भेटत. भात मऊ, आमटी आंबट, ताक भरपूर. आपल्या मुलखापासून इतके दूर येऊन घरच्यासारखे वाढणारे कोणी भेटावे, याचे त्याला नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

मग चार दिवस तो तंजावर पाहत असे, आणि पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे मंदिर दोनशे फुटांहून उंच विमानासह उभे आहे. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो राजांचे चिटणीस बाबूराव यांनी लिहिला. राज्य गेल्यावर चार वर्षांनी केलेले हे काम आहे. कागद जळतो, दप्तर हरवते, चोळांचा दगड मात्र आठशे वर्षे टिकला आहे, हा हिशेब त्यामागे असावा. नायकांच्या काळापासून साठलेला ग्रंथसंग्रह सरफोजींनी वाढवून मोठा केला. त्यात मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत. शिवगंगा तळ्यापाशी श्वार्ट्‌झचे देवालय आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून उभे असलेले सरफोजी तेथे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरले आहेत. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूसाठी विलायतेहून शिल्प करवून आणावे, ही गोष्ट तंजावरातच घडावयाची.

सरफोजींनी स्वतःही यात्रा केली. १८२० मध्ये सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीस निघाले आणि दोन वर्षांनी परतले. त्या प्रवासावर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ मराठीत रचल्या गेल्या, आणि काशीच्या घाटांची चित्रे राजांनी काढवून आणली. इतरांच्या यात्रेची तजवीज करणाऱ्याला आपली यात्रा घडावयास वयाची त्रेचाळीस वर्षे लागली. त्यांच्या प्रजेतील बहुतेकांना तर साठी लागे.

तंजावराहून पुढची वाट समुद्राची. पट्टुकोट्टैपासून किनारा जवळ येतो. सेतुबावाछत्रम् या गावाच्या नावातच छत्र आहे. तेथून जवळ समुद्रकाठी सरफोजींनी १८१४ च्या सुमारास मनोरा बांधिला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ! ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचा हा स्तंभ पाहून मराठी मनाला बरे वाटत नाही. पण त्या काळच्या राजाला कंपनीशी सलोखा राखल्याखेरीज छत्रांची गावेही राखता आली नसती, हे विसरून त्याला दोष देणे सोपे आहे. मनमेलकुडी, तोंडी असे करीत यात्रेकरू देवीपट्टणम् येथे येई. तेथे समुद्राच्या पाण्यात उभे असलेले नऊ पाषाण नवग्रह म्हणून पुजतात; सेतूची यात्रा तेथून सुरू होते. पुढे रामनाड, मंडपम्, आणि होडीतून पांबनची खाडी. रामेश्वराच्या देवळात पोहोचले म्हणजे मात्र म्हाताऱ्या पायांना खरा विसावा मिळे. अठराव्या शतकात सेतुपतींनी पुऱ्या केलेल्या बाहेरच्या प्रदक्षिणेला हजारांहून अधिक खांबांचा छायेचा मार्ग आहे. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, चढ नाही. कितीही हळू चालले तरी प्रदक्षिणा पुरी होते. बावीस तीर्थांच्या विहिरी आवारातच आहेत.

१८३२ मध्ये सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणाने तंजावरची नामधारी गादीही गेली. छत्रे त्यानंतरही चालू राहिली. त्यांना खरा धक्का दिला तो रेल्वेने. १८६१ मध्ये नागपट्टणम्-तंजावर गाडी सुरू झाली. पुढे मदुरा-मानामदुरा-मंडपम् अशी वाट रुळांनी पकडली, आणि १९१४ साली पांबनच्या खाडीवर पूल झाल्यावर मुंबईच्या यात्रेकरूला होडीत पाय ठेवण्याचेही कारण उरले नाही. महिन्यांची वाट दिवसांवर आली. ती समुद्रकाठची वाट ओस पडली. ज्यांच्यासाठी भात शिजवावयाचा ती म्हातारी माणसे आता गाडीच्या खिडकीतून दुसऱ्याच गावांकडे पाहत चालली होती. कोठारे भरत होती, पण पंगती बसेनात. तेव्हा छत्रांचे उत्पन्न हळूहळू शाळा, वसतिगृहे यांच्याकडे वळविण्यात आले. ओरत्तनाडूच्या छत्रात पुढे विद्यार्थी राहू लागले. घंटेचा उपयोग तासांसाठी होऊ लागला असेल.

रेल्वेने वेळ वाचविला, परंतु जेवणाचा प्रश्न तिने सोडविला नाही; उलट सोवळ्याच्या म्हाताऱ्यांना तो अधिकच जाचक झाला. गाडी थांबे दहा मिनिटे, आणि तेवढ्यात चूल मांडता येत नाही. म्हणून दशमी आणि सातूचे पीठ पुन्हा गाठोड्यात आले. पुढे मराठी यात्रा-कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपले आचारी, आपली भांडी, आपले तिखटमीठ बरोबर न्यावयास सुरुवात केली. वरण-भात, पोळी आणि मऊ खिचडी रामेश्वरालाही मिळते या एका भरवशावर कित्येक आजी-आजोबा आजही घराबाहेर पडतात. परमुलखात जाऊन घरचेच खाणाऱ्या या मंडळींना तरुण माणसे हसतात. ती अजून पंचाहत्तरीची झालेली नाहीत.

बडोदे, इंदूर, हैदराबादेकडून दक्षिणेत जाणाऱ्यांनी आज तंजावरला दोन दिवस द्यावेत. मोठ्या देवळात सकाळी लौकर जावे. आवार उघडे आणि फरसबंदीचे आहे. पायात काही घालता येत नाही, आणि दुपारी दगड असा तापतो की वयस्कर माणसाचे तळवे पोळतात. मराठी लेख पाहावयाचा तोही सकाळच्या उजेडात. अक्षरे दाट आहेत, घाईने वाचता येत नाहीत. दुपार ग्रंथालयाच्या संग्रहालयात आणि वाड्यातील दरबाराच्या महालात काढावी. जेवण केळीच्या पानावर मिळते. भात मऊ हवा असे सांगितले तर मऊ वाढतात, आणि ताक मागावे लागत नाही. पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावरची वाहतूक २०२२ च्या डिसेंबरात थांबली. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला, तेव्हा गाडी पुन्हा थेट रामेश्वरापर्यंत जाते. पण ज्यांना घाई नाही त्यांनी एक दिवस काढून मोटारीने पट्टुकोट्टैच्या रस्त्याने जावे. तंजावरपासून तासाभरात ओरत्तनाडू लागते. छत्र रस्त्यालगतच आहे. दगडी चाके आणि घोडे दर्शनी भागावर अजून दिसतात, आणि आत, जेथे पंगती बसत, तेथे उंच खांबांच्या सावलीत दुपारीही गारवा असतो.